ऐंशीच्या आत

त्या सोमवारी डॉक्टरांनी काकींना सांगितलं, की वजन ऐंशी किलोच्या आत आल्याशिवाय त्यांची किडनी काढता येणार नाही. काकींचं वजन चौऱ्याण्णव होतं. किडनी त्यांच्या भावाला द्यायची होती.

काकी म्हणजे माझ्या घरमालकीण. राई गावात खाडीच्या बाजूला त्यांचं घर आहे. खाली त्या राहत, वरच्या दोन खोल्यांत मी. मी मीरा रोडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, एकटा माणूस. त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो होतो, कारण हॉस्पिटलचे कागद इंग्रजीत असत आणि वाचून सांगायला कुणीतरी लागे. काकी मला मास्तर म्हणत. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "पुस्तकं तुझ्याकडं हायत ना? मग झालं."

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी बाकावर बसलो, त्या उभ्या राहिल्या. हॉस्पिटलच्या बाकावर बसलं की आजाराला आपली ओळख पटते, असं त्यांचं मत होतं. भावाच्या डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जात आणि चारचार तास भिंतीला टेकून उभ्या राहत.

"मास्तर, चौदा किलो म्हणजे किती रे?"

"चौदा किलो म्हणजे चौदाच, काकी."

"ते मना पण कळतं. दिसायला किती?"

त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हणजे हळदीचा मधला टोप, भातानं भरलेला," त्या म्हणाल्या, आणि रिक्षा पाहायला निघाल्या.

त्यांना सगळं टोपांतूनच कळायचं. राईत कुणाच्याही घरी लग्नाची हळद असली की मोठ्या चुलींपाशी काकी लागत. पाचशे माणसांचं मटण त्या एकट्या सांभाळत, आणि चव कधीच घेत नसत. वाफ नाकाशी आली की मीठ किती ते कळायचं. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते, थोडी भातशेतीही होती. त्या शेतावर आता सात मजली इमारत आहे. तिच्यावरून जाताना काकी म्हणायच्या, "आमच्या भातात आता लिफ्ट चालते." यात दुःख किती आणि मजा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. तरी घरात स्वयंपाक आठ माणसांचा व्हायचा, कारण त्याहून कमी त्यांच्या हाताला येतच नव्हतं. उरलेलं भावाच्या घरी जाई, मला येई, इस्त्रीवाल्याला जाई, वीज मीटर बघायला आलेल्या माणसालाही पायरीवर बसवून वाढलं जाई. माणसांची पारख त्या ताटावरून करत. गावातल्या एका लग्नाच्या बोलण्यात सगळ्यांना मुलगा पसंत पडला असता काकींनी एकच वाक्य उच्चारलं, "पोरगा भात चिवडतो," आणि पुढे म्हणे ते लग्न मोडलं. मला त्या कितपत मोजत होत्या कोण जाणे. मी पुस्तक समोर उघडं ठेवून जेवतो.

स्वतः त्या जेवत ते पाहण्यासारखं असे. मांडी घालून, बोलणं थांबवून, दार लोटून. जेवण म्हणजे काम, आणि काम नीट करायचं. "हात खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस तोंडानं काहीही सांगेल, त्याच्या हातचं खाल्लं की खरं काय ते समजतं, असा त्याचा अर्थ.

या बाईंना कमी जेवायचं होतं.

भावाला त्यांनीच वाढवलं होतं. तो त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. हाटकेशला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. त्याच्या बायकोला साखरेचा आजार, म्हणून तिची किडनी चालणार नव्हती. भाऊ स्वतः नकोच म्हणत होता. "बाय, तू राहू दे. चाललंय ना माझं," तो म्हणे. चाललेलं काही नव्हतं. आदल्या वर्षीपर्यंत सायकलवर कामाला जाणारा माणूस आता बहिणीच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढून थांबत होता.

हॉस्पिटलमधल्या डाएटवाल्या मुलीनं एक कागद दिला. मी तो वाचून दाखवला. उकडलेला दुधी, ताक, एक भाकरी. काकींनी मान डोलावली, बाजारातून दुधी आणला, आणि उकडला. फक्त उकडला, तेल नाही, मसाला नाही. संध्याकाळी मी खाली गेलो तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि समोर रिकामं पातेलं.

"काय झालं?"

"चांगला झाला," त्या म्हणाल्या. "आख्खा गेला."

दर शनिवारी त्या रेशनच्या दुकानात जाऊन तांदळाची पोती तोलायच्या काट्यावर उभ्या राहत. घरातल्या लहान काट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. जो काटा पोतं सांगू शकतो तोच माणूस सांगू शकतो. महिनाभरानं दुकानदार म्हणाला, "काकी, पंचानवे. एक किलो बढ़ गया."

तेव्हा त्यांनी आपलाच स्वयंपाक बिघडवायचं ठरवलं. जेवण वाईट झालं तर माणूस कमी खाईल, इतका तो सरळ विचार होता. आठवडाभर मी खालून येणारे वास घेत होतो. त्यांनी डाव्या हातानं फोडणी दिली. लसूण वगळला. एक दिवस डोळे मिटून आमटी केली. शेवटी डाळ मुद्दाम करपवली, तर तिला असा काही धुराचा गंध आला, की शेजारच्या दोघी वाटी घेऊन आल्या आणि कसं केलं म्हणून विचारत बसल्या. मी त्यांना सुचवलं, की सरळ उपास करावेत.

"उपासानं पुण्य लागतं," त्या म्हणाल्या. "मना पुण्य नको, किलो उतरायला पायजेत. आणि उपास सुटला की मी काय करीन ते मना ठाऊक हाय."

पुढच्या संध्याकाळी त्या जिना चढून वर आल्या. दहा वर्षांत दुसऱ्यांदा. दारात उभ्या राहून दम घेतला आणि म्हणाल्या, "मास्तर, मी तुझ्या हातचं एकदा खाल्लंय."

मला आठवत होतं. मी नवीन असताना त्यांनी वाटीभर सुकटीची चटणी पाठवली होती. वाटी रिकामी परत करू नये एवढं मला ठाऊक होतं, म्हणून तीत मी केलेली खिचडी घालून नेऊन दिली. त्यावर त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. त्यानंतर मला वाटीत काही आलं नाही. थेट ताट वाढून येऊ लागलं.

"तेच मना पायजे," काकी म्हणाल्या. "रोज. तुझं जेवान कुणाला जास्त जात न्हाय."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"एक सांगते. सुधरायचं न्हाय. जसं करतोस तसंच करायचं."

मी तसंच करू लागलो. माझ्या स्वयंपाकाविषयी वेगळं सांगण्याजोगं काही नाही. कुकर लावून मी वाचायला बसतो आणि शिट्ट्या किती झाल्या ते विसरतो. भाजीत मीठ असतं किंवा नसतं. सकाळी मी त्यांचा डबा पायरीवर ठेवून कॉलेजला जाई, आणि संध्याकाळी सातला त्या वर येत. स्वयंपाकघरात पाटावर बसत आणि माझं चाललेलं पाहत. बोलायचं नाही, असं त्यांनी स्वतःवर बंधन घालून घेतलं होतं. पण चेहऱ्यावर त्यांचा ताबा नव्हता. मोहरी तडतडायच्या आधीच मी कांदा टाकला, की त्यांच्या कपाळावर बारीक आठी उमटे. मी डाळीत गार पाणी ओतलं, की त्या श्वास आत ओढून खिडकीबाहेर बघत. एकदा मी भात ढवळला तेव्हा त्यांनी चक्क डोळे मिटले.

मग मी वाढी. एक वाटी भात, एक वाटी डाळ, थोडी भाजी. तो दोन-सव्वादोन वाट्यांचा ऐवज त्या अर्धा तास जेवत. मांडी घालून, न बोलता, दार लोटून, जसं खाली जेवत तसंच. वरून मीठ घेतलं नाही, लोणचं मागितलं नाही. ताटात शीत राहिलं नाही. पुस्तकांत मी तपाबद्दल पुष्कळ वाचलं आहे. तिथे माणूस अरण्यात जातो आणि खाणं सोडतो. समोर बसून माझी डाळ खाणं, तिला नावं न ठेवणं आणि हात धुऊन "बरं झालं" म्हणत उठणं, हे मी कुठे वाचलं नव्हतं. त्या आठवड्यांत मी जेवताना पुस्तक उघडायचं बंद केलं. ठरवून नव्हे. उघडवत नव्हतं.

याच काळात शेजारी एक हळद आली आणि काकींना बोलावणं आलं. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्या गेल्या. दुपारपासून चुलींपाशी उभ्या होत्या. मटण शिजत होतं, वडे तळले जात होते, भाकऱ्यांची चवड त्यांच्या कमरेइतकी वाढत होती. पोटात सकाळचा माझा डबा होता, त्यात गिजगोळा झालेला उपमा. बायका चेष्टा करत होत्या.

"काय गो, मास्तराच्या जेवणात असं हाय तरी काय? आमच्या चुलीकडं बघत पण न्हायस."

"काय पण न्हाय त्यात," काकी म्हणाल्या. "म्हणून तर जाते."

पहिली पंगत उठेपर्यंत त्या वाढत होत्या. सात वाजता पदराला हात पुसले, मटणाच्या वासानं भरलेल्या लुगड्यानिशी जिना चढल्या आणि माझ्यापुढे पाटावर बसल्या. त्या दिवशी मी दलिया केला होता. डाव पातेल्यावर धरून मी थांबलो. "वाढ ना," त्या म्हणाल्या. "वाटी भर. कमी नको, जास्त नको."

काटा उतरू लागला. नव्वद, सत्त्याऐंशी, चौऱ्याऐंशी. दुकानदार आता आकडा मोठ्यानं सांगायचा आणि रेशनच्या रांगेतली माणसं मान वळवून बघायची. पण भावाचीही तब्येत उतरत होती. एकदा डायलिसिस चालू असतानाच तो बेशुद्ध झाला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, त्याच्या हृदयावर ताण येतो आहे, या महिन्याच्या पुढे थांबणं बरं नाही. सोमवारी काकींची शेवटची तपासणी करू. वजन बसलं तर त्याच आठवड्यात ऑपरेशन. मी हे काकींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वजन बसलं तर म्हणाले?"

त्या सोमवारच्या आधीचा शनिवार. काट्यावर ऐंशी किलो चारशे ग्रॅम. काकी तिथून परस्पर भावाकडे गेल्या, त्यामुळे संध्याकाळी मी स्वयंपाकघरात एकटाच होतो. मसुराची डाळ केली. पंधरा आठवडे केली होती तशीच, असं मी समजत होतो. लसूण टाकला, आणि टाकल्यावर गॅस बारीक केला. का केला ते मला सांगता येणार नाही. डाळीत घालायचं पाणी आधी तापवून घेतलं होतं, हेही मला नंतर, गरम पातेलं शेगडीवर दिसलं तेव्हा कळलं.

काकी आल्या, बसल्या. पहिला घास घेतला आणि थांबल्या.

"मास्तर, काय केलंस?"

"डाळ."

त्यांनी दुसरा घास घेतला. मग वाटी उचलून नाकाशी नेली. मग त्या जेवू लागल्या, आणि पंधरा आठवड्यांत पहिल्यांदा मी त्यांना खरं जेवताना पाहिलं. वाटी संपली. त्यांनी ती पुढे केली आणि मी, मूर्ख माणूस, आनंदानं भरली. माझ्या हातचं आजवर कुणी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी वाटी पुढे केलीच नाही, पातेलंच ओढून घेतलं. भातही संपला. पातेल्याच्या कडेनं बोट फिरवलं, तेव्हा त्या एकदम भानावर आल्या. बोट तसंच राहिलं.



"परवा काटा हाय," त्या म्हणाल्या.

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तुझी चूक न्हाय. तुझा हात उघडला. मीच शिकवला, तोंड बंद ठेवून. न्हाय सांगितलं होतं आणि तरी शिकवला." मग त्या उठल्या, स्वतःचं ताट स्वतः घासलं, आणि जिना उतरताना कठडा धरून दोनदा थांबल्या. भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला मात्र त्याच्याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

रविवारी सकाळी साडेपाचला दारावर थाप. "चप्पल घाल."

आम्ही चालत निघालो. मुर्धा गाव, मग भाईंदर, मग रूळ ओलांडून पूर्वेला, तिथून हाटकेशपर्यंत. काकी पुढे, मी मागे. ऊन चढलं तशा इमारतींच्या सावल्या आखडल्या, आणि सावली सोडून चालायची हा त्यांचा हट्ट, कारण घामानं वजन उतरतं असं कुणीतरी सांगितलं होतं. हाटकेशला एका गल्लीत त्या थांबल्या. कारखान्यांची शटरं रविवार म्हणून बंद होती. त्यांतल्या एका निळ्या शटरपुढे उभ्या राहून त्यांनी विचारलं, "इथंच ना रे तो कामाला यायचा?"

मी पाटी वाचून हो म्हणालो.

"मी कधी आलेच न्हाय बघायला. डबा मात्र रोज भरला." शटरला त्यांनी तळवा लावला, तापलं होतं म्हणून लगेच काढला. "चल."

परतताना मी म्हणालो, दुपारी काहीतरी साधंच करतो, नुसतं मुगाचं पाणी.

"तू नको," काकी म्हणाल्या. "आता तुझा भरवसा न्हाय."

त्या दिवशी त्या दोन पेले ताकावर राहिल्या. सोमवारी हॉस्पिटलच्या काट्यावर चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या, बांगड्या काढल्या, नाकातली चमकी काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्या क्षणी त्यांचा चेहरा कसा होता, ते मी लिहू शकत नाही. नर्सनं आकडा वाचला. ऐंशी पूर्णांक सहा.

काकी काट्यावरून उतरेनात. "परत बघ," त्या नर्सला म्हणाल्या. नर्सनं परत पाहिलं. तेवढंच.

डॉक्टर आले, फाईल उघडली, आकडा पाहिला आणि पान उलटलं. "छान," ते म्हणाले. "गुरुवारी ऑपरेशन करू."

"पण सहाशे ग्रॅम वर हाय," काकी म्हणाल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "ऐंशी म्हणजे साधारण ऐंशी हो. एकही किलो उतरवून न आलेली माणसं मी रोज बघतो. तुम्ही किती उतरवलेत ते पाहिलंत का?"

काकींनी खाली उतरून चपला घातल्या. बांगड्या चढवल्या. चमकी घ्यायला माझ्याकडे हात केला तेव्हा हळूच, पण डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "साधारण होतं तर आधी सांगायचं. मी काय पातेलं पुसायचं सोडलं असतं?"

आणि त्या प्रथमच हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या. बसून रडल्या. मी शेजारी बसलो.

ऑपरेशन नीट झालं. सहा आठवड्यांनी काकी पुन्हा चुलीपाशी होत्या, आणि वजनही हळूहळू काही परत आलं, सगळं नाही. एकदा त्या वर आल्या, हातात बोंबलाचं कालवण. "ती डाळ कशी केलीस ते सांग," म्हणाल्या. मी पुष्कळ आठवून पाहिलं. गॅस, पाणी, लसूण, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तू मना माझंच सांगतोयस. तुझं काय त्यात?" हे मला अजून उलगडलेलं नाही. त्यानंतर मी ती डाळ अनेकदा केली. बरी होते. तशी झाली नाही.

पुढे तीन वर्षांनी, एका दुपारी, भाकऱ्या करून झाल्यावर काकी पाटावर टेकल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. किडनीशी त्याचा संबंध नव्हता, हे त्यांनी भावाला तीनदा समजावून सांगितलं. चौथ्यांदा मी सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, बायनं त्या वेळी काय काय खाल्लं, ते मला कोण सांगत नाही. तुम्ही सांगा." मग मी त्याला बसवून हे सगळं सांगितलं, जवळपास याच क्रमानं, आणि नंतर वाटलं, की लिहूनही ठेवावं.

आता घराच्या खालच्या भागात भाऊ आणि त्याची बायको राहतात. मी वरच राहतो. तो रोज सकाळी हाटकेशला कामावर जातो. मागच्या महिन्यात त्याची तपासणी झाली, रिपोर्ट मी वाचून दाखवला. काकींना जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांची एक किडनी चालू आहे.